मुलगी जर्मनीला गेली तर गावाला काय मिळते?

पत्र (थोडक्यात) : माझे वय ६१. साक्री तालुक्यातील गावाहून १९८४ मध्ये सातपूरच्या एका कारखान्यात कामाला आलो आणि सिडकोत स्थायिक झालो. मुलगी २७ वर्षांची असून शासकीय महाविद्यालयातून बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. चार वर्षे शहरातील एका खासगी रुग्णालयात नोकरी करते, हाती २२ हजार रुपये येतात. तिला जर्मनीला जायचे आहे. एक एजंट सहा महिन्यांत नोकरीची हमी देतो आणि साडेचार लाख मागतो. त्यातले एक लाख व मूळ प्रमाणपत्रे आधी द्यायची आहेत. माझे मेहुणे म्हणतात, सरकारच्या पैशांवर शिकायचे आणि परक्या देशातल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची हा कृतघ्नपणा आहे. आपल्या पेठ-सुरगाण्यात परिचारिका मिळत नाहीत. मुलगा नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क (मोठ्या कारखान्यांची कामे घेऊन करणे) करतो, तो बहिणीच्या पैशांतून घरावर मजला चढवू म्हणतो. पत्नी काहीच बोलत नाही. मुलीच्या जाण्याने घराला चार पैसे मिळतील, पण गावाला आणि देशाला खरोखर काही मिळते का, की आपण आपल्याच स्वार्थाला चांगले नाव देतो?
— एक वडील, सिडको, नाशिक

स.न.वि.वि.

आपल्या पत्रातले एक वाक्य मी वरच्या सारांशात घेतले नाही, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच करायची होती. आपण लिहिता, ‘नोकरीची पहिली बारा वर्षे मी दर महिन्याला आईला मनीऑर्डर करत होतो, त्यावर धाकटा भाऊ डी.एड. झाला आणि आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे.’ हे वाक्य आपण ओघात लिहून पुढे गेलात. पण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. साक्रीहून नाशिकला येण्यात देशाची सीमा ओलांडावी लागत नाही, पारपत्र लागत नाही, हा फरक मोठा आहे. तरी जिथे कामाला मोल कमी तिथून जिथे ते अधिक तिथे माणूस जातो, मिळकतीचा एक हिस्सा मागे पाठवतो आणि त्या हिश्श्यातून मागे राहिलेल्या कोणाचे तरी शिक्षण होते, ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. आपल्या आईने त्या पैशांतून घराला कौले घालून घेतली असती आणि भावाला शेतावर ठेवले असते, तर मनीऑर्डर तीच राहिली असती, पण गावाला मुख्याध्यापक मिळाला नसता. माणूस बाहेर गेल्याने आपोआप विकास होत नाही आणि आपोआप हानीही होत नाही. तो किती खर्च करून जातो, तिथे कोणत्या कामावर लागतो आणि त्याचा पैसा कोणाच्या हातून खर्च होतो, यावर सगळे ठरते. मुलीला जाऊ द्यावे असेच माझे मत आहे. मात्र या एजंटामार्फत नव्हे, आणि मजल्यासाठी तर नव्हेच.

देशाचे म्हणाल तर हिशेब सरळ आहे. परदेशी काम करणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा सर्वाधिक प्रमाणात ज्या देशात येतो तो देश म्हणजे भारत, आणि हे आजचे नाही, कित्येक वर्षांचे आहे. २०२२ मध्ये ही रक्कम १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. कोणत्याही देशाच्या बाबतीत असे प्रथमच घडले. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ती सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. आपण आयातीवर जितके खर्च करतो तितके वस्तूंच्या निर्यातीतून मिळवत नाही, त्या तुटीचा मोठा भाग या पैशाने भरून निघतो. आणखी एक गोष्ट मला आकड्याहून महत्त्वाची वाटते. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या काळात, जागतिक बँकेने भारताकडे येणारा हा पैसा २३ टक्क्यांनी घटेल असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात वर्षअखेर घट एक टक्काही झाली नाही. परकी गुंतवणूकदार संकटात पैसा काढून घेतो, परदेशातला मुलगा किंवा मुलगी संकटात दोन पैसे जास्त पाठवते. हे अर्थशास्त्र आपल्या आईला कोणी शिकवले नव्हते, पण १९८६-८७ च्या दुष्काळात आपली मनीऑर्डर कमी झाली की वाढली, हे तिला नक्की माहीत असणार.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात आपल्या राज्याचा वाटा सुमारे २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही थोडा अधिक, दिसतो. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. पैसा ज्या बँकशाखेत उतरतो त्या राज्याच्या नावे तो मोजला जातो आणि मुंबईच्या शाखांत उतरणारा सगळा पैसा मराठी घरांत जात नाही. गावोगावच्या घरांवर या पैशाने काय घडते ते पाहायचे तर केरळकडेच पाहावे लागते. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून तिथल्या घराघरांत जाऊन दर काही वर्षांनी याची मोजणी केली आहे. आखाती पैशातून मुलींची शिक्षणे झाली, औषधोपचार वेळेवर झाले, सावकाराचे पाश सुटले, हे त्यातून दिसते. त्याच केरळात जमिनीचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आणि २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक घरे रिकामी सापडली. आपले चिरंजीव ज्या मजल्याचे स्वप्न पाहत आहेत, त्या मजल्यांची गोष्ट केरळने आधीच लिहून ठेवली आहे.

आता मेहुण्यांच्या आक्षेपाकडे वळतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच, म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या नर्सिंग पदवीधरांच्या पदव्यांवर नाशिकचे नाव असते आणि तिथून दोन-अडीच तासांवरच्या सुरगाण्यात रुग्णाच्या उशाशी परिचारिका नसते, ही विसंगती कोणालाही टोचावी. परंतु आपली मुलगी गेली चार वर्षे नाशिकमध्येच आहे. तिला सुरगाण्याला जाण्यापासून जर्मनीने अडवलेले नाही. रिक्त पदे वेळेवर न भरणे, भरली तर कंत्राटावर भरणे, राहायला खोली नसणे, रात्रपाळीला सुरक्षितता नसणे, ही अडवणूक आपल्या घरातलीच आहे आणि मुलीचे पारपत्र रोखून यातले एकही कारण दूर होत नाही. शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना तिने सेवेचे बंधपत्र दिले असेल तर ते मात्र अक्षरशः पूर्ण केले पाहिजे; तो शब्द आहे आणि तिथे मी मेहुण्यांच्या बाजूने आहे.

शिवाय परिचारिका बाहेर गेल्याने देशातल्या परिचारिका कमी होतात हे वरवर जितके उघड वाटते तितके खरे नाही. फिलिपाइन्समध्ये २००० नंतर अमेरिकेने परिचारिकांना अधिक व्हिसा देण्यास सुरुवात केली, तेव्हा काय झाले याचा अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. बाहेर जाण्याची वाट दिसू लागताच नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींची संख्या इतकी वाढली की बाहेर गेलेल्या प्रत्येक परिचारिकेमागे नऊ नव्या परवानाधारक परिचारिका तयार झाल्या. आपल्याकडे नर्सिंग महाविद्यालयांचा मोठा वाटा दक्षिणेतल्या राज्यांत आहे, त्यालाही परदेशाचे आकर्षण हे एक कारण आहे. मात्र हे प्रत्येक देशाला लागू नाही. आफ्रिकेतल्या लहान देशात मोजक्याच परिचारिका असतील आणि त्यांतल्या निम्म्या निघून गेल्या, तर तिथली प्रसूतिगृहे ओस पडतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये परदेशी भरतीसाठी आचारसंहिता मंजूर केली आणि जिथून सक्रिय भरती करू नये अशा ५५ देशांची यादी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. भारत त्या यादीत नाही. मेहुण्यांना हे सांगावे. त्यांचे समाधान होईलच असे नाही, पण वाद भावनेवरून वस्तुस्थितीवर येईल.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलगी परिचारिका म्हणून गेली आणि परिचारिका म्हणूनच काम करू लागली, तर तिच्या शिक्षणावर झालेला सरकारी खर्च वाया जात नाही, तो वाढतो. पण तीच मुलगी भाषा अर्धवट शिकून, कर्ज काढून, घाईने गेली, पदवीला तिथे मान्यता मिळाली नाही आणि चार वर्षे मदतनीस म्हणून अंथरुणे बदलत राहिली, तर तोटा सर्वांचाच होतो : तिचा, आपला, नाशिकच्या रुग्णालयाचा आणि जर्मनीचाही. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे जर्मन भाषेची बी-२ पातळी (सहा पायऱ्यांतली चौथी) लागते आणि त्यासोबत तिथली ज्ञानचाचणी किंवा पूरक प्रशिक्षण पार करावे लागते. शून्यापासून बी-२ पर्यंत पोहोचण्यास नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलीला वर्ष ते दीड वर्ष सहज लागते. जो माणूस सहा महिन्यांत नोकरीची हमी देतो तो एकतर भाषेबद्दल खोटे बोलतो आहे, नाहीतर कामाबद्दल.

आणि साडेचार लाख कशाचे? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील नोंदणी घेतलेली असावी लागते आणि नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकी आहे. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. आपल्या एजंटाचे नाव तिथे पाहावे, आणि ‘आमची नोंदणी दिल्लीच्या मुख्य कंपनीकडे आहे’ असे उत्तर आले तर तिथेच उठून यावे. भाषावर्गाची फी वेगळी, तिची वेगळी पावती हवी. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. साक्षांकित प्रती पुरतात. हे सारे कायद्याचे झाले, पण कायद्याच्या मागे साधे गणित आहे. कर्ज काढून जाणारी व्यक्ती पहिली दोन वर्षे सावकारासाठी राबते. त्या काळात ती वाईट नोकरी सोडू शकत नाही, तक्रार करू शकत नाही आणि घरी पाठवते ते व्याज असते. स्थलांतराचा विकासाला होणारा लाभ एजंट असा वाटेतच खाऊन टाकतो.

दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती संथ आहे. परदेशातल्या केरळी लोकांसाठी काम करणाऱ्या केरळ सरकारच्या नोर्का या संस्थेने जर्मन सरकारी यंत्रणांशी मिळून २०२१ च्या अखेरीस ‘ट्रिपल विन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात भाषेचा व प्रवासाचा खर्च परिचारिकेवर पडत नाही, कारण तो खर्च ज्याला मनुष्यबळ हवे त्यानेच करावा अशी त्यामागची भूमिका आहे. आपल्या राज्य शासनानेही २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात मुलीने स्वतः जाऊन त्याची चौकशी करावी आणि जर्मन रुग्णालयांकडे थेट अर्जही करावेत. तिकडे गरज खरी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले, ते काही आपल्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यांच्याकडे म्हातारी माणसे वाढत आहेत आणि त्यांना सांभाळणारे हात कमी पडत आहेत. आपल्या मुलीने हे लक्षात ठेवून बोलणी करावीत. ती मागायला नाही, द्यायला चालली आहे.

आता पैशाकडे येऊ. मी नोकरीची अनेक वर्षे एका बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. मस्कतला घरकाम करणाऱ्या एका बाईंचे पैसे दर तिमाहीला आमच्या शाखेत येत आणि ते काढायला दर वेळी त्यांचे दीर येत. खाते दिरांच्याच नावे होते. नऊ वर्षांनी बाई परत आल्या, काउंटरवर उभ्या राहिल्या आणि ‘माझ्या खात्यात किती आहेत?’ असे विचारले. त्यांच्या नावे खातेच नव्हते. त्या दिवशी माझ्याकडून उत्तर देववले नाही, मी शाखाधिकाऱ्यांना पुढे केले. म्हणून सांगतो, मुलीचा पैसा मुलीच्याच अनिवासी खात्यात यावा. रुपयातल्या एनआरई खात्यावरचे (परदेशातली कमाई ठेवण्याचे अनिवासी खाते) व्याज भारतात करमुक्त असते आणि मुद्दल हवे तेव्हा परत बाहेर नेता येते. तिचे आजचे बचत खाते मात्र ती अनिवासी झाल्यावर तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ (भारतातल्या मिळकतीसाठीचे अनिवासी खाते) करून घ्यावे लागते. आपल्याला घरखर्चासाठी ती जे पाठवेल त्यावर आपल्याला आयकर नाही, कारण मुलांकडून मिळालेली रक्कम भेट ठरते. पाठवताना मात्र चार ठिकाणचा दर पाहावा. जगभरात २०० डॉलर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो आणि तो ३ टक्क्यांच्या आत आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे २०३० चे उद्दिष्ट अजून दूर आहे.

तिच्या नावाने गावाकडे शेत घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तोही आताच काढून टाकावा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. साक्रीला आपली तीन एकर जमीन आहे असे आपण लिहिले आहे. वारसाची वेळ येईल तेव्हा सातबाऱ्यावर मुलीचेही नाव लागेल आणि ‘ती तर जर्मनीत असते’ या सबबीवर तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली जाणार नाही, एवढे आपण हयातीतच ठरवून ठेवावे.

तिच्या पगाराबद्दल घरात जे आकडे बोलले जातात ते कापणीपूर्वीचे असतात, हेही चिरंजिवांना सांगावे. जर्मनीत एकट्या माणसाच्या ढोबळ वेतनातला साधारण तिसरा हिस्सा कर आणि सामाजिक विम्यात जातो. तो वाया जात नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे आणि पाच वर्षांची वर्गणी झाली की तिला तिथल्या निवृत्तीवेतनाचा हक्क मिळतो. पण उरलेल्या रकमेतून तिचे घरभाडे, थंडीचे कपडे आणि वर्षातून एकदा येण्याचे विमानभाडे गेल्यावर मजला उभा राहण्यास बराच काळ लागेल. त्यापेक्षा तिची शिल्लक भावाच्या यंत्रासाठी कर्ज म्हणून, कागद करून आणि परतफेडीच्या बोलीवर दिली तर अंबडला दोन माणसांना काम मिळेल. बहिणीकडून घेतलेल्या कर्जाचा कागद करण्यात कसला अपमान आहे, हे मला कधीच कळलेले नाही.

गावाला काय मिळेल, या आपल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे की व्यवस्था केल्यावाचून फारसे काही मिळत नाही. मेक्सिकोतल्या झाकातेकास भागातून अमेरिकेत गेलेल्या माणसांनी तिथे आपापल्या गावांची मंडळे काढली. मंडळाने गावासाठी एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालत. २००२ पासून ही योजना देशभर चालली आणि तिच्यातून रस्ते, पाण्याच्या योजना, शाळाखोल्या झाल्या. पुढे सरकारने हात आखडता घेतला आणि योजना बंद पडली. आपल्या राज्यात अशी योजना माझ्या पाहण्यात नाही. आपल्या बंधूंच्या शाळेला एखादी मुलगी वर्षाकाठी काही रक्कम देईल, ती चांगलीच गोष्ट आहे. पण तिला गावाचा विकास म्हणून नये.

पैशाहून वेगळे असे काही मात्र नक्की येते. समाजशास्त्रज्ञ पेगी लेव्हिट यांनी १९९८ मध्ये त्याला ‘सामाजिक प्रेषण’ अशा अर्थाचे नाव दिले : बाहेर गेलेल्यांकडून घरी येणाऱ्या कल्पना, सवयी, कामाच्या रीती. नाशिककराला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला त्यांनी याच शहरात सुरुवात केली. त्या शिष्यवृत्तीने बडोद्याला काय दिले आणि देशाला काय, याचा हिशेब मेहुण्यांनी करून पाहावा. त्या गोष्टीत एक कडवट धडाही आहे. शिष्यवृत्तीच्या अटीनुसार आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना ते शहर सोडावे लागले. परत आलेल्या माणसाला सामावून घेण्याची तयारी नसेल, तर ‘शिकून परत या’ या आग्रहाला अर्थ उरत नाही. उद्या आपली मुलगी जर्मनीत वृद्धांच्या शुश्रूषेचे काम शिकून पाच-सात वर्षांनी परत आली आणि नाशिकच्या रुग्णालयाने तिला पुन्हा २२ हजारच देऊ केले, तर दोष कोणाचा, हे मेहुण्यांना आजच विचारून ठेवावे. तिने मात्र परतीची वाट आपल्या बाजूने उघडी ठेवावी : महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये आणि प्रत्येक नोकरीचे अनुभवपत्र जपून ठेवावे.

पत्नी काही बोलत नाहीत, असे आपण पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. माझ्या मते त्या काय विचार करत असतील हे आपल्याला ठाऊक आहे. परदेशातल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या आईवडिलांजवळ कोण असेल, हा प्रश्न कोणत्याही आकड्याने सुटत नाही आणि मीही तो सोडवून देऊ शकत नाही. एवढेच सुचवतो की निर्णयाच्या चर्चेत त्यांना चहा आणण्यापुरते बोलावू नये, आणि आपल्या दोघांच्या आजारपणात दवाखान्यात कोण येईल, ते मुलगी इथे असताना मुलाने आणि सुनेने तिच्यासमोर ठरवावे. मजल्याची चर्चा त्यानंतर करता येईल.

एजंटाने पाठवलेल्या करारनाम्याची प्रत आपण पत्रासोबत जोडली होती. ती इंग्रजीत आहे आणि तिच्या चौथ्या कलमात, उमेदवाराने दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास तीन लाख रुपये भरावेत असे आहे. त्यावर सही करू नये. एक लाख अजून दिले नसतील तर देऊ नयेत; दिले असतील तर पावतीची प्रत मला पाठवावी, पुढचे पत्र त्यावर लिहीन.